पटलं नाही, तरी आपलं

ई. एम. फॉर्स्टर म्हटलं की ‘अ पॅसेज टू इंडिया’ आठवते. ती कादंबरी १९२४ साली आली. त्यानंतर १९७० साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४६ वर्षं, फॉर्स्टरने एकही कादंबरी छापली नाही. निबंध लिहिले, व्याख्यानं दिली, रेडिओवर बोलला. प्रेम, प्रवास, कला आणि माणसाचा स्वभाव यांविषयी त्याला जे म्हणायचं होतं ते या लेखनात विखुरलेलं आहे. कादंबरीतली माणसं कशी घडतात याचा विचार ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या १९२७च्या केंब्रिजमधल्या व्याख्यानांत सापडतो, आणि जगण्यात शेवटी कशावर भरवसा ठेवायचा याचा विचार ‘व्हॉट आय बिलीव्ह’ या १९३८च्या निबंधात. पण हे सगळे विचार एका माणसाच्या सहवासात घासूनपुसून पाहिलेले वाचायचे असतील, तर ‘द हिल ऑफ देवी’ हातात घ्यावं. फॉर्स्टरने ते १९५३ साली, वयाच्या ७४व्या वर्षी प्रसिद्ध केलं. त्यात माळव्यातल्या देवास संस्थानातून त्याने घरी लिहिलेली पत्रं आहेत आणि त्या पत्रांना जोडणारं, म्हातारपणी लिहिलेलं निवेदन आहे.

‘व्हॉट आय बिलीव्ह’मध्ये फॉर्स्टरने एक धाडसी इच्छा बोलून दाखवली होती: देशाशी द्रोह की मित्राशी द्रोह असा पेच पडलाच, तर मित्राच्या बाजूने उभं राहण्याची हिंमत आपल्यात असावी. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर असं म्हणणं सोपं नव्हतं. मात्र मित्र म्हणजे कसा मित्र, त्याच्या किती चुका पोटात घालायच्या, आणि त्याची बाजू घेताना आपल्या विवेकाला किती वेळ दाराबाहेर उभं करायचं, याचा हिशेब त्या निबंधात नाही. तो ‘द हिल ऑफ देवी’त आहे. पुस्तकाची सगळी गोडी त्या हिशेबात आहे, आणि तो शेवटपर्यंत जुळत नाही यातही आहे.

हा मित्र म्हणजे देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार. फॉर्स्टर त्यांना बापूसाहेब म्हणतो. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवास वाटून घेतलं आणि थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. गाव एकच, पण राजे दोन, दरबार दोन, फौजाही दोन. एकाच रस्त्यावर दोन राज्यांची हद्द. या सगळ्यावर नजर ठेवणारी देवीची टेकडी, तिच्यावरून पुस्तकाचं नाव आलं. फॉर्स्टर हा भूगोल अगदी गंभीर चेहऱ्याने समजावून सांगतो, आणि त्या गंभीरपणामुळेच हसू फुटतं. इंग्रज वाचकाला ही अद्भुत कल्पनाकथा वाटली असणार. मराठी वाचकाला मात्र ती चांगलीच ओळखीची आहे. भाऊबंदकी त्याला शिकवावी लागत नाही.

आणि हे पुस्तक मराठी वाचकाचं आहे ते एवढ्यापुरतंच नाही. देवासचा दरबार मराठ्यांचा. बापूसाहेबांच्या पहिल्या राणी अक्कासाहेब या कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह पुढे १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून बसले. त्याच टेकडीच्या पायथ्याशी नंतर कुमार गंधर्वांनी ‘भानुकुल’ उभं केलं आणि १९९२पर्यंत तिथूनच गात राहिले. इंग्रजी साहित्यात ‘हिंदुस्थानचं दर्शन’ म्हणून जे वाचलं गेलं, त्याचा फार मोठा भाग खरं तर माळव्यातल्या एका लहानशा मराठी दरबाराचं दर्शन आहे. ही गोष्ट इंग्रजी समीक्षेत तळटिपेत जाते. आपण ती मजकुरात घेऊन वाचावी.

फॉर्स्टर देवासला पहिल्यांदा आला तो १९१२च्या अखेरीस. केंब्रिजचा मित्र माल्कम डार्लिंग हा पूर्वी बापूसाहेबांचा शिक्षक आणि पालक होता. त्याच्यामुळे ही ओळख झाली. त्या वेळची पत्रं पाहुण्याची पत्रं आहेत. दरबारी पोशाख चढवून मेजवानीला बसणं, ताटात काय काय वाढलं त्याची टिपणं, यजमानाची लाघवी बडदास्त. बहुतेक पत्रं आईला आणि नात्यातल्या इतर बायकांना लिहिलेली. त्यामुळे त्यांत एक लाडिक खोडकरपणा आहे: घरच्यांना हसवायचं, पण घाबरवायचं नाही. प्रस्तावनेत फॉर्स्टर स्वतःच हा दोष कबूल करतो. दूरच्या आणि दुर्मिळ गोष्टींना सरे परगण्यातल्या दिवाणखान्यात शोभेल असं रूप देण्याची आपल्याला फार हौस होती, असा त्याचा सूर आहे. या कबुलीनंतर वाचक पत्रातल्या प्रत्येक विनोदाकडे दोनदा पाहतो. हसतो, आणि हा विनोद कुणाच्या सोयीसाठी केला आहे हेही तपासतो.

पुस्तकाची बांधणीही अशीच दुहेरी आहे. पत्रात तिशी-चाळिशीतला फॉर्स्टर बोलतो, निवेदनात सत्तरी ओलांडलेला. पत्रातल्या माणसाला पुढचं काही माहीत नाही. निवेदकाला सगळा शेवट माहीत आहे. दुसरा एखादा लेखक असता तर त्याने मागाहून आलेल्या शहाणपणाने पत्रं धुऊन काढली असती. फॉर्स्टरने काटछाट केली, पण जुना उतावळेपणा आणि चिडचिड तशीच राहू दिली. पत्रातला उत्साह आणि निवेदनातली हळहळ यांमध्ये जी मोकळी जागा राहते, तिथे वाचकाला आपलं मत बनवता येतं.

१९२१ साली फॉर्स्टर पुन्हा आला तो नोकर म्हणून. महाराजांचे इंग्रज खाजगी सचिव रजेवर गेले होते आणि काही महिने त्यांची जागा त्याने सांभाळायची होती. प्रवासवर्णनाच्या दृष्टीने पुस्तकाला मिळालेलं हे सर्वांत मोठं वळण. पाहुण्याला गाव दिसतं. नोकराला गावाची बिलं दिसतात. फॉर्स्टरच्या वाट्याला बागा, मोटारी, वीजघर, पाहुण्यांची व्यवस्था असलं काहीबाही आलं. यातलं त्याला काहीच येत नव्हतं. नवा राजवाडा वर्षानुवर्षं बांधला जात होता, आणि पुरा होण्याआधीच ढासळू लागला होता. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा थांग लागत नव्हता. या काळातल्या पत्रांची भाषाच बदलते. १९१२च्या पत्रांत विशेषणं होती. १९२१च्या पत्रांत वस्तू आहेत. दमलेला, वैतागलेला, तरी कुतूहल न मेलेला माणूस एकेक मोडकी गोष्ट नोंदवत जातो. परक्या प्रदेशाबद्दल मोठाली विधानं करण्याची त्याची हौस इथे संपते. प्रवासाने माणूस शहाणा होतो असं आपण सहज म्हणतो. फॉर्स्टरला शहाणं केलं ते कामाने, विशेषतः न जमणाऱ्या कामाने.

पुस्तकाचा गाभा म्हणजे १९२१च्या गोकुळाष्टमीची पत्रं. उत्सवासाठी महाराज जुन्या राजवाड्यात राहायला जातात. कित्येक दिवस भजन अखंड चालू असतं. गाणाऱ्यांची एक तुकडी उठते, दुसरी बसते. फॉर्स्टर देशी पोशाखात, अनवाणी. पाय दुखताहेत, कान किटले आहेत. एकीकडे टाळ-मृदंग, दुसरीकडे विलायती बँड. देव्हाऱ्यावर दागिने, फुलं आणि भरजरी कापडांची इतकी गर्दी की मूर्ती धड दिसत नाही. आणि त्या सगळ्याच्या पुढ्यात राज्याचे मालक, हाती तंतुवाद्य घेऊन, लहान पोरासारखे आनंदाने नाचताहेत. फॉर्स्टरला बायबलातला देवापुढे नाचणारा दाविद राजा आठवतो.

इथे केंब्रिजमध्ये घडलेली त्याची अभिरुची बंड करते. डौल नाही, घाट नाही, आवरतं घेणं नाही. डोळ्यांना आणि कानांना जे रुचत नाही ते सगळं एकत्र आलं आहे, असं तो बजावून सांगतो. पुढे १९४९च्या ‘आर्ट फॉर आर्ट्स सेक’ या निबंधात त्याने मांडलं की कलाकृती मोलाची, कारण या अव्यवस्थित जगात स्वतःची आंतरिक व्यवस्था असलेली वस्तू तेवढीच. असा विचार करणाऱ्या माणसाला देवासचा तो गोंधळ किती खुपला असेल! तरीही पत्र तिथे थांबत नाही. नापसंतीची यादी करून झाल्यावर तो मान्य करतो की या गर्दीत काहीतरी घडतंय, आणि नाचणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आहे ते नाटक नाही. त्याला ते समजलेलं नाही. समजल्याचा आव तो आणत नाही. तो भाविकही होत नाही. पत्राची खरी कमाई इथे आहे. आवडनिवड न सोडता आदर करता येतो, हे तो उपदेशाने सांगत नाही. एका परिच्छेदात नाक मुरडतो, पुढच्यात मान लववतो, आणि दोन्ही परिच्छेद तसेच टपालात टाकतो.

हाच उत्सव ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या तिसऱ्या भागात आला आहे. पहिल्या भेटीनंतर सुरू केलेली आणि अडून बसलेली ही कादंबरी फॉर्स्टरने १९२१ साली बरोबर देवासला आणली होती, पण तिथे ती पुढे सरकेना. समोरचं जिवंत जग आणि कागदावरचं जग यांचा मेळ बसत नव्हता. इंग्लंडला परतल्यावर ती पुरी झाली. पत्र आणि कादंबरी शेजारी ठेवून वाचली की कलावंताचा हात कुठे कुठे फिरला ते लख्ख दिसतं. कादंबरीतल्या मऊ संस्थानात गोकुळाष्टमी आहे, तुकारामाच्या नावाचा घोष आहे, देवळात ‘ईश्वर म्हणजे प्रेम’ या अर्थाची इंग्रजी पाटी आहे आणि तिच्यात रंगाऱ्याने अक्षरांची उलटापालट केलेली आहे. पण नाचणारा राजा नाही. कादंबरीतला राजा म्हातारा, आजारी. उत्सवात मरतो आणि उत्सव मोडू नये म्हणून ती बातमी दडवली जाते. बापूसाहेबांचा नाच फॉर्स्टरने उचलून दिला तो प्राध्यापक गोडबोले यांना, एका दख्खनी ब्राह्मणाला.

हा बदल साधा नाही. राजा नाचला की वाचक राजाकडे पाहतो: केवढा मोठा माणूस, आणि कसा भान हरपून नाचतोय! गोडबोले नाचले की वाचक नाचाकडे पाहतो. भजनाच्या रंगात गोडबोल्यांना एक जवळजवळ अनोळखी इंग्रज म्हातारी, मिसेस मूर, आठवते. मग कुठेतरी पाहिलेली एक गांधीलमाशी आठवते. दोघींनाही ते प्रेमाने देवापाशी पोचवतात. मग ज्या दगडावर ती माशी बसली होती त्या दगडालाही कवेत घ्यायला जातात, आणि तिथे अडतात. प्रेमाची झेप म्हातारीपर्यंत गेली, कीटकापर्यंत गेली, दगडापाशी थबकली. फॉर्स्टरच्या साऱ्या लेखनात प्रेमाबद्दलचं इतकं नेमकं, इतकं विनम्र दुसरं स्थळ मला दिसत नाही. प्रेम सर्वव्यापी आहे असं तो म्हणत नाही, आणि ते थिटं आहे असं म्हणून हिणवतही नाही. ते कुठवर पोचतं ते मोजून दाखवतो. त्यानंतर तळ्यावर विसर्जनाच्या गर्दीत दोन होड्या आदळतात, भांडलेले मित्र एकाच पाण्यात पडतात. देवासच्या पत्रांत नुसता गोंधळ होता. कादंबरीत त्याच गोंधळाने माणसांना एकमेकांवर नेऊन आदळवलं. अव्यवस्थेला व्यवस्था देणं ज्याला तो कला म्हणत होता, ते हेच.

पण या व्यवहारात बापूसाहेब मागे राहिले. कादंबरीने त्यांचा उत्सव घेतला, त्यांचा नाच घेतला आणि त्यांना सोडून दिलं. ‘द हिल ऑफ देवी’ ही त्या ऋणाची २९ वर्षांनी केलेली फेड आहे असं मी समजतो.

‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’मध्ये फॉर्स्टरने पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन प्रकार सांगितले, आणि गोल पात्राची खूण दिली: ते आपल्याला चकित करतं, तरी पटतं. बापूसाहेब या कसोटीला पुरेपूर उतरतात. रात्री गप्पांच्या ओघात ते पाहुण्याला सांगतात की आपण सारे ईश्वराचेच अंश आहोत, मात्र ईश्वराला याचं भान राहिलेलं नाही; त्याला पुन्हा आपलं भान येतं तेव्हा अंगावर जो रोमांच उठतो तो मोक्ष. हेच महाराज दुसऱ्या दिवशी पैशाच्या बाबतीत असा काही निर्णय घेतात की सचिवाने डोक्याला हात लावावा. विनोदी, कनवाळू, हळवे, संशयी, कारस्थानांनी वेढलेले. पहिला संसार मोडला. १९२७च्या अखेरीस युवराज विक्रमसिंह वडिलांवर गंभीर आरोप करत देवास सोडून गेले. तिजोरी रिकामी झाली. अखेर महाराज राज्य सोडून फ्रेंचांच्या ताब्यातल्या पाँडिचेरीला गेले, आणि १९३७ साली तिथेच वारले. ब्रिटिश सरकारच्या दफ्तरात त्यांची नोंद एक नालायक संस्थानिक अशीच राहणार होती. फॉर्स्टर या दफ्तराच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो. तो आरोप खोडत बसत नाही. एवढंच म्हणतो की या माणसाच्या ठायी संताचा अंश होता, आणि तो मी पाहिला आहे.

इथेच पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. अर्धवट राजवाड्याचा पैसा रयतेच्या सारापट्टीतून आला होता, आणि ती रयत या पुस्तकात जवळजवळ नाही. दरबारी आहेत, नोकर आहेत, भजनी आहेत, शेतकरी नाही. मित्राची बाजू घेताना मित्राने कुणाचं काय केलं हे विचारायचं राहून जातं. १९३८च्या निबंधातल्या त्या धाडसी इच्छेची ही दुसरी बाजू. देशापेक्षा मित्र मोठा म्हणणं एका लेखकाला शोभतं. पण मित्र स्वतःच एखाद्या राज्याचा धनी असेल, तर त्याच्या बाजूने उभं राहताना आपण कुणाकडे पाठ केली आहे हे पाहणं भाग असतं.

आणि प्रेम? १९५३च्या पुस्तकात त्याबद्दल एक मोठी गप्पगप्प जागा आहे. फॉर्स्टर समलिंगी होता. ज्याला ‘अ पॅसेज टू इंडिया’ अर्पण केली आहे तो सय्यद रॉस मसूद हे त्याचं एकतर्फी, आयुष्यभर पुरलेलं प्रेम. अलेक्झांड्रियातला ट्रामचा कंडक्टर मुहम्मद अल-आदल हे दुसरं, परस्परांचं, पण अल्पायुषी. इंग्लंडात समलिंगी संबंधांवरचा फौजदारी कायदा १९६७ साली सैल झाला, आणि ‘मॉरिस’ ही त्या विषयावरची त्याची कादंबरी तो गेल्यावर, १९७१ साली छापली गेली. देवासबद्दलही एक वेगळं टिपण त्याने लिहून ठेवलं होतं. ते १९८३ साली बाहेर आलं. राजवाड्यातल्या एका न्हाव्याशी त्याचे संबंध होते, आणि महाराजांनी फॉर्स्टरला हाकलण्याऐवजी आपुलकीने सांभाळून घेतलं. हे कळल्यावर ‘द हिल ऑफ देवी’तली कृतज्ञता निराळी ऐकू येते. ज्या काळात फॉर्स्टरच्या स्वतःच्या देशाने त्याला तुरुंगात धाडलं असतं, त्या काळात एका हिंदू राजाने त्याचं गुपित ऐकून घेतलं आणि त्याला माणूस म्हणून वागवलं. हे तो छापू शकत नव्हता, म्हणून त्याने बाकी सगळं इतक्या जिव्हाळ्याने छापलं असावं.

ते टिपण मात्र वाचायला सुखाचं नाही. त्या न्हाव्याशी असलेल्या नात्यात प्रेम थोडं आणि मालकी जास्त आहे, क्रूरताही आहे, आणि फॉर्स्टरने ते लपवलेलं नाही. एकाच राजवाड्यात, एकाच वर्षात, त्याने माणसामाणसांतल्या नात्याची दोन टोकं अनुभवली: वरच्या माणसाकडून माया घेतली, आणि खालच्या माणसाला ती देता आली नाही.

‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटी हिंदुस्थानी अझीझ आणि इंग्रज फिल्डिंग या मित्रांची घोडी एकमेकांपासून दूर होतात. इंग्रजांचं राज्य असेतोवर या दोघांची मैत्री शक्य नाही, हा त्या कादंबरीचा निकाल. मग फॉर्स्टर आणि बापूसाहेब यांची कशी झाली? मला वाटतं, देवासच्या त्या महिन्यांत पारडं उलटं होतं म्हणून. राजा हिंदुस्थानी होता, आणि इंग्रज त्याचा पगारी नोकर. मोठेपणा बापूसाहेबांकडे होता, त्यामुळे माया करणं त्यांना परवडत होतं; फॉर्स्टरकडे हुकूम नव्हता, म्हणून त्याला डोळे उघडे ठेवून पाहावं लागलं. न्हाव्याच्या बाबतीत पारडं पुन्हा नेहमीच्या बाजूला झुकलं, आणि माणुसकीवर निबंध लिहिणारा हा लेखक तिथे कमी पडला. प्रेमाला वर्ग, वंश, पगार यांची आडकाठी नसते असं समजणाऱ्यांनी हे पुस्तक आणि ते टिपण एकत्र वाचावं. आडकाठी असते, आणि ती कुठल्या बाजूने लागते यावर माणूस संत दिसतो की मालक, हे पुष्कळदा ठरतं. फॉर्स्टरने हा निष्कर्ष कुठे लिहिलेला नाही. त्याने दोन्ही बाजूंचे कागद मात्र जपून ठेवले.